डोंगरउतारावरच्या साडेचार एकरांसाठी जिवो २४५ घ्यावा की कुबोटा बी२४४१?

हिर्डस_मावळ

रामराम मंडळी. भोरच्या पश्चिमेला, हिर्डोशी खोऱ्यात आमची साडेचार एकर जमीन आहे. सव्वादोन एकर भातखाचरं आहेत, त्यात इंद्रायणी होतो. एकूण ३१ खाचरं. सगळ्यात मोठं साडेपाच गुंठ्यांचं, लहान दीड गुंठ्याचं. रुंदी १२ ते ३० फूट, बांधांची उंची दीड ते अडीच फूट. वरच्या अंगाला दीड एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आहे, त्यात ७ बाय ७ मीटरवर काजूची ४ वर्षांची कलमं आहेत. तिथला उतार १०० फुटाला १४-१५ फूट. बाकी घर, गोठा आणि गवत.

कामं अशी: जूनअखेर-जुलैत चिखलणी, उन्हाळ्यात रोटा (रोटाव्हेटर, फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार), काजूतलं गवत, आणि शेणखत व भाताच्या पेंढ्यांची ट्रॉली. घरापासून खाचरांपर्यंत मुरमाची वाट आहे. तिच्या एका वळणावर दगडी पौळ (रचलेल्या दगडांची भिंत) आहे, तिथे रुंदी पावणेपाच फूट मिळते.

दोन ट्रॅक्टरांवर गाडी अडली आहे: महिंद्रा जिवो २४५ डीआय फोर व्हील आणि कुबोटा बी२४४१. दोन्ही २४ एचपी, दोन्हींची अवजार उचलायची लिफ्ट ७५० किलो. शोरूमवाले दोघेही ‘कुठेही चढेल’ म्हणतात. काजूत आडवं चालवता येईल का, रोटा किती फुटी घ्यावा, आणि दोनांतला कोणता, हे जाणकारांनी सांगावं.

---

पाटण_मेकॅनिक

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पौळीपाशी आहे. पावणेपाच फूट म्हणजे १४५ सेंमी. दोन्ही ट्रॅक्टर तिथून निघतील, अडेल तो रोटा. ४ फुटी रोटा म्हणजे पात्यांची कामाची रुंदी ४ फूट. चेनकव्हर आणि बाजूच्या पट्ट्या धरून बाहेरून बाहेर साडेचार फुटांच्या आसपास जातो. सरळ वाटेत दोन्ही बाजूंना मिळून ३ इंच उरतील. वळणावर मागचा रोटा बाहेरच्या बाजूला फेकला जातो, तिथे ते ३ इंचही उरत नाहीत. त्यामुळे एकतर पौळ फूटभर मागे सरकवा किंवा साडेतीन फुटी रोटा घ्या. माझं मत पौळ सरकवण्याचं, कारण ट्रॉलीलाही ती जागा लागणारच. साडेतीन फुटी रोट्यात दुसरी अडचण आहे. मागची चाकं थोडी रुंद लावलेली असली तर टायरचा माग रोट्याच्या बाहेर उरतो आणि दाबलेली पट्टी तशीच राहते. डीलरकडे टेप घेऊन जा. मागच्या टायरचं बाहेरून बाहेर माप घ्या, रोटा त्यापेक्षा किमान २-३ इंच जास्त हवा.

आता दोन ट्रॅक्टरांतला खरा फरक. जिवोचं इंजिन २ सिलिंडरचं, २३०० फेऱ्यांचं. कुबोटाचं ३ सिलिंडरचं, २६०० फेऱ्यांचं. ३ सिलिंडरचं मऊ चालतं, थरथर कमी, हात आणि पाठ कमी दुखते. २ सिलिंडरचं जरा धडधडतं, पण कमी फेऱ्यांवर ओढ बरी ठेवतं आणि दुरुस्तीला आत शिरायला सोपं. गिअर जिवोला ८ पुढे, ४ मागे. कुबोटाला ९ पुढे, ३ मागे. १२ फुटी खाचरात तुम्हाला वळता येणार नाही, पुढे-मागेच करावं लागेल. म्हणून मागचे गिअर नुसते मोजू नका, त्यांचा वेग बघा. रिव्हर्समध्ये बांधाकडे जाताना ट्रॅक्टर अगदी सावकाश सरकला पाहिजे.

टायरमध्ये मोठा फरक आहे. जिवोला मागे ८.३ बाय २४, कुबोटाला ८.३ बाय २०. व्यासात ४ इंचांच्या आसपास फरक, म्हणजे कुबोटाचा मागचा अ‍ॅक्सल सुमारे २ इंच खाली. काजूत आणि आडव्या उतारावर खालचा ट्रॅक्टर बरा. खोल चिखलात आणि बांध ओलांडताना वरचा बरा. तुमच्याकडे दोन्ही कामं आहेत, तेव्हा जास्त तास कुठे जाणार ते ठरवा.

आडवं चालवण्याबद्दल आकड्यात बोलू. १०० फुटाला १५ फूट म्हणजे साडेआठ अंश. हा उतार ऐकायला फार वाटत नाही. पण छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर ८५-९० सेंमी. वरच्या चाकाखाली १० सेंमीचा दगड आला आणि त्याच वेळी खालचं चाक १० सेंमीच्या खड्ड्यात गेलं, तर तेवढ्यानेच १३ अंशांची भर पडते. झाले साडेएकवीस. त्यात वेग, उचललेला रोटा आणि झटक्यात घेतलेलं वळण मिळालं की ट्रॅक्टर लवंडतो. गवतात दगड दिसत नाहीत, हा त्यातला खरा धोका. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध खुंटीवर झुलतो, त्यामुळे पुढची चाकं सुरुवातीला अजिबात आधार देत नाहीत. ट्रॅक्टर निम्मा कलेपर्यंत पुढून काहीच जाणवत नाही, आणि जाणवतं तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून काजूत वर-खाली चालवा. आडवं फक्त तिथे, जिथे कलमांच्या ओळीला सपाट पट्टी काढलेली आहे. वळण नेहमी सावकाश घ्या, अवजार जमिनीपासून ६ इंचांवर ठेवून.

---

भात_मुळशी

वरच्या उत्तरातल्या एका गोष्टीला माझी पुरवणी. चिखलणीत नुसतं चाक मोठं असून भागत नाही, वजन किती आणि ते कुठे आहे हे महत्त्वाचं. हलका ट्रॅक्टर कमी रुततो. खाचराचा खालचा घट्ट थर ७-८ इंचांवर मिळत असेल तर २० इंची चाकाचा ट्रॅक्टरही चालतो. तो थर १० इंचांच्या खाली गेला असेल तर पोट टेकतं, मग फोर व्हील असून चारही चाकं जागच्या जागी फिरतात. शोरूमला जायच्या आधी पावसात लोखंडी सळई घेऊन प्रत्येक खाचरात चार ठिकाणी दाबून बघा. झऱ्याखालच्या खाचरांत थर हमखास खोल असतो. अशी दोन-तीन खाचरं पॉवर टिलरला सोडावीत, त्यापायी ट्रॅक्टरची निवड बदलू नये.

केजव्हील (चिखलात टायरसोबत लावायचं लोखंडी पट्ट्यांचं चाक) घेणार असाल तर अर्धं केज घ्या, टायरच्या बाहेरून बोल्टने बसणारं. त्याने प्रत्येक बाजूला ८-१० इंच रुंदी वाढते, म्हणजे पौळीच्या वळणावर पुन्हा तोच प्रश्न. केज खाचरापाशीच बसवायचं आणि काढूनच वाटेला लागायचं. मुरमावर केज लावून चालवलं तर पट्ट्या वाकतात आणि हबच्या बोल्टवर ताण येतो.

चिखलणीला खाचरात पाणी २-३ इंच उभं हवं. कमी असेल तर चिखल पात्यांना आणि कव्हरला चिकटून रोटा जड होतो, डिझेल वाढतं. जास्त असेल तर ढेकूळ तरंगत पुढे पळतं, फुटत नाही. पहिली फेरी ४ इंच, दुसरी आडव्या दिशेने. १२ फुटी खाचरात आडवी फेरी शक्य नसते, तिथे दुसरी फेरी अर्ध्या रोट्याने सरकवून उभीच मारा. पाती सी-आकाराची, ओल्या कामात त्यांच्यावर माती कमी बसते.

बांधाबद्दल नीट लक्षात ठेवा, कारण ट्रॅक्टर खाली जातो तो बहुतेक इथेच. पायरीच्या खाचरात डोंगराकडची बाजू कापीव, म्हणजे टणक असते. बाहेरची बाजू भरावाची. अडीच फुटी बांध असेल तर बाहेरच्या कडेपासून अडीच फूट चाक आत ठेवा, बांधाची उंची तेवढं अंतर. ही पट्टी कुदळीने खणावी लागली तरी चालेल. रोटा लिंकवर ३-४ इंच उजवीकडे सरकवून बसवता येतो. तसा बसवला की चाक आत ठेवूनही रोटा कडेला पोचतो, कुदळकाम निम्म्यावर येतं.

---

काजूबाग_सावंतवाडी

काजूतल्या कामासाठी माझं झुकतं माप कुबोटाला. तुमची कलमं आत्ता ४ वर्षांची आहेत. ८-९ वर्षांची झाली की ७ मीटरच्या ओळीत फांद्या एकमेकींत जातील आणि खालून वाट काढावी लागेल. तिथे ट्रॅक्टरची उंची, सायलेन्सर वर की खाली, आणि रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) दुमडता येतो की नाही, हे तीन प्रश्न उभे राहतात. रोल बार नसेल तर बसवून घ्या, दुमडणाराच. फांद्यांखाली दुमडायचा आणि बाहेर आल्याबरोबर उभा करून खिळ घालायची. उभ्या बारसोबत पट्टा बांधायचा, दुमडलेल्या बारसोबत बांधायचा नाही.

त्या उतारावर रोटा घालूच नका. १५ फुटांच्या उतारावर मे महिन्यात माती मोकळी केली की जूनच्या पहिल्या सरींत ती तुमच्याच खाचरांत उतरते, आणि काजूची वरवरची तंतुमुळं कापली जातात ती वेगळी. तिथे गवत कापणी, पीटीओवरचा (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या दांड्यावरचा) स्लॅशर किंवा मल्चर, बुंध्याभोवती १ मीटर हाताने. कापलेलं गवत आळ्यात. २४ एचपीला ४ फुटी स्लॅशर आरामात चालतो. दगड असतील तिथे पाती जमिनीपासून ३ इंच वर ठेवा आणि मागच्या साखळ्या किंवा रबरी पडदा काढू नका. दगड उडाला तर ट्रॅक्टरच्या मागे चालणाऱ्या माणसाच्या नडगीवरच जातो.

---

हिर्डस_मावळ

सगळ्यांचे आभार. पौळ फूटभर सरकवता येईल, आमच्याच हद्दीत आहे. सळई लावून बघितली: २६ खाचरांत थर ७ ते ८ इंचांवर आहे, झऱ्याखालच्या ५ खाचरांत फूटभर खाली जाते. ती ५ भाड्याच्या टिलरला ठेवतो.

दोन गोष्टी अजून. डेमो दोघेही द्यायला तयार आहेत, त्यात नेमकं काय बघायचं? आणि उतारावरून भरलेली ट्रॉली उतरवताना फोर व्हील लावून ठेवायचं की काढायचं? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

पाटण_मेकॅनिक

आधी ट्रॉली. मुरमाच्या, मातीच्या उतारावर फोर व्हील लावूनच उतरायचं. या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. ट्रॉली मागून ढकलते तेव्हा मागची चाकं अडतात पण घसरत राहतात, आणि पुढची चाकं मोकळी फिरतात. फोर व्हील लावलेलं असेल तर शाफ्टमुळे पुढची चाकंही इंजिनच्या आणि ब्रेकच्या ताब्यात येतात. डांबरी रस्त्यावर मात्र काढायचं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा मुद्दाम थोडी जास्त वेगाने फिरवलेली असतात. मातीत ती जरा घसरून तो फरक भरून काढतात. डांबरावर घसरता येत नाही म्हणून तो ताण गिअर आणि शाफ्टवर बसतो, टायर झिजतात, आणि लिव्हर सुटता सुटत नाही. त्याच कारणाने टायर बदलताना पुढचा-मागचा कंपनीने दिलेला मेळ मोडायचा नाही. मागे मोठा टायर घालून पुढे तोच ठेवला तर पुढचा अ‍ॅक्सल वर्षात आवाज करायला लागतो.

उतरायला लागायच्या आधी लो रेंज, दुसरा गिअर. ज्या गिअरमध्ये चढता येईल त्याच गिअरमध्ये उतरायचं. मध्येच गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की ट्रॉली आणि ट्रॅक्टर दोन्ही मोकळे सुटतात. डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल कडीने जोडलेले हवेत. शेतातून वळणासाठी सोडलेली कडी वाटेवर तशीच राहिली आणि एकच ब्रेक लागला, तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते. ट्रॉली १ टनाचीच घ्या आणि तिला स्वतःचे ब्रेक लावून घ्या. शेणखत ओलं असेल तर तीन चतुर्थांश भरा.

डेमो स्वतःच्या रानात, स्वतः घेणार त्याच मापाच्या रोट्याने, आणि शक्यतो पाऊस पडून गेल्यावर मागा. शोरूमच्या मागच्या सपाट मैदानातल्या डेमोचा उपयोग शून्य.

घसर अशी मोजा. मागच्या टायरवर खडूने खूण करा. रोटा उचलून ट्रॅक्टर खाचरात चालवा, चाकाचे १० फेरे होईपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मग रोटा ५ इंच खोल घालून पुन्हा १० फेरे. समजा रिकाम्यात १०० फूट भरले आणि कामात ८७, तर १३ फुटांची घसर म्हणजे १३ टक्के. १० ते १५ चांगली. २० च्या वर गेली तर वजन, टायरची हवा किंवा टायरचे दात यांपैकी काहीतरी कमी पडतंय. कोरड्या रानात रोटा उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, म्हणून हीच मोजणी कल्टिव्हेटर लावूनही करा. खरी ओढ त्यात कळते.

त्याच डेमोत काजूच्या चढावर मधोमध थांबवा. हँडब्रेक ओढा, पाय काढा, ५ मिनिटं जागचा हलता कामा नये. मग तिथूनच लो-पहिल्यात उचला. क्लचला जळका वास आला तर चालवणाऱ्याला थांबवा आणि तुम्ही स्वतः करून बघा. दोष क्लचचा की पायाचा ते लगेच कळतं.

रोटा उचलल्यावर पीटीओ शाफ्टचा कोन बघा. पूर्ण उचलून चालू ठेवला तर सांधा खडखडतो आणि लवकर जातो, म्हणून लिफ्टला वर जायची मर्यादा लावून घ्या. शाफ्टचे दोन नळ एकमेकांत सगळ्यात लांब स्थितीतही ४ इंच तरी गुंतलेले हवेत. लहान ट्रॅक्टरला मोठ्या रोट्याचा शाफ्ट न कापता लावला की उलट होतं: रोटा उचलताना नळ आत टेकतो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग ढकलतो. डीलर हे काम घाईत करतात, समोर उभं राहून करून घ्या.

बांधावरून वरच्या खाचरात जाताना रोटा मागे लटकलेला असतो, पुढचा भाग हलका होतो. दीड फूट बांधाला ६ फूट लांबीची उतरण करा. चढायचं रिव्हर्समध्ये, उतरायचं तोंड खाली करून, म्हणजे रोट्याचं वजन कायम चढाच्या बाजूला राहतं. पुढची वजनं डीलरकडून सोबतच घ्या, नंतर वेगळी मागवली की महाग पडतात. टायरात पाणी भरायचं तर व्हॉल्व्ह सगळ्यात वर ठेवून, व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच. ८.३ बाय २४ च्या एका टायरात साधारण ५५-६० लिटर बसतं. वजन खाली राहतं म्हणून आडव्या उताराला उपयोगी, पण चिखलणीआधी काढून टाका.

आणखी एक, उतारावर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. ट्रॅक्टर कलला की नळीच्या तोंडाशी डिझेल राहत नाही, हवा शिरते आणि इंजिन ऐन चढावर बंद पडतं. मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारत बसावं लागतं.

---

अर्ज_आणि_कागद

ट्रॅक्टर ठरला तरी बिल करण्याची घाई करू नका. अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानांच्या पोर्टलवर) अर्ज, निवड झाल्यावर कागद, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल बाद होतं. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात ट्रॅक्टरला अल्प-अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के किंवा सव्वा लाख, इतरांना ४० टक्के किंवा १ लाख, यांतली कमी रक्कम, असं प्रमाण राहिलं आहे. तुमच्या अर्जाच्या वर्षाची मार्गदर्शक सूचना तालुका कृषी कार्यालयात बघून घ्या. साडेचार एकर म्हणजे २ हेक्टरच्या आत, तुम्ही अल्पभूधारकात बसता, फक्त ८अ (खातेउतारा) वर इतर गावांतली जमीन धरून बेरीज करा.

कोटेशनबरोबर मॉडेलचा परीक्षण अहवाल लागतो. तो नुसता जोडू नका, वाचा. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची तपासणी होते. अशा अहवालात पीटीओवर खरी मिळालेली ताकद, ताशी डिझेल, ओढ, लिफ्ट, ब्रेक लावून आणि न लावता वळणाची त्रिज्या, आणि गुरुत्वमध्याची उंची दिलेली असते. दोन्ही मॉडेलांचे अहवाल शेजारी ठेवा. जाहिरातीत दोघेही २४ एचपी आहेत, अहवालातली पीटीओची ताकद आणि गुरुत्वमध्य यांतच तुमचा निकाल आहे. ट्रॉलीची आरटीओ नोंदणी वेगळी होते, तिचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्या.

---

भात_मुळशी

तुम्ही दिलेल्या मापांवरून माझं मत ठरलं. २६ खाचरांत थर ८ इंचांच्या आत आहे, म्हणजे २० इंची चाक अडणार नाही. काजू वाढत जाणार आहे आणि खाचरं अरुंद आहेत. मापं कुबोटाकडे झुकतात. पण भोरमध्ये किंवा जवळपास ज्याचा मेकॅनिक जुलैत फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी बांधावर येतो, त्याच्याकडे एक पारडं जास्त टाका. चिखलणीची मुदत १०-१२ दिवसांची असते. डीलरला विचारायचं ते एवढंच: पुढच्या अ‍ॅक्सलचं ऑइल सील, क्लच प्लेट, डिझेल फिल्टर आणि वॉटर पंप आत्ता कपाटात आहेत का. आहेत म्हणाला तर काढून दाखवायला सांगा.

सील मुद्दाम सांगतोय. चिखलणीत पहिलं तेच जातं. कुबोटाच्या पुढच्या चाकांना बेव्हल गिअरची बंद रचना आहे, तरी सील शेवटी रबराचंच. रोज संध्याकाळी हबभोवती अडकलेला चिखल, पेंढा आणि दोरा काढून धुवा, विशेषतः नायलॉनचा दोरा, तो सीलच्या ओठात घुसतो. हंगाम संपला की पुढच्या अ‍ॅक्सलचा तळाचा बोल्ट सैल करून थोडं ऑइल बाटलीत घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ते ऑइल दिवाळीपर्यंत तसंच ठेवलं की बेअरिंग गंजतात आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या सीलचं काम अख्ख्या हबवर जातं.

---

हिर्डस_मावळ

दोन्ही अहवाल मागवतो आणि पौळीचं काम आधी उरकतो. दोघांनाही डेमो एकाच खाचरात, एकाच ४ फुटी रोट्याने द्यायला सांगितलं आहे. घसरीचे आकडे इथेच टाकतो.